तिसऱ्या पिशवीचा ताबा मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक श्री. ब्रेंडन हॅलिवेल,
वैद्यकीय कचरा व स्वच्छता विभाग,
कोवाई टेकडी रुग्णालय, ऑकलंड.

अर्जदार : श्रीमती हेनेरिआता कोपुआ, वय ६१, राहणार वाइपुना खाडी, पूर्व किनारा. सध्या मुक्काम हृदय विभाग, खाट क्र. ११.

विषय : अर्जदाराच्या रक्तातून शुक्रवार दि. ९ ऑगस्ट रोजी काढलेल्या पिवळ्या द्रवाची तिसरी पिशवी, मंगळवारी सकाळी सात वाजता कचऱ्याची गाडी येण्यापूर्वी, अर्जदाराच्या ताब्यात देणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ९ ऑगस्टचे पत्र, पाने दोन, त्यात 'टाकाऊ द्रव' हा शब्द अकरा वेळा.
२) आपण त्याच दिवशी खाट क्र. ११ समोर उभे राहून काढलेले उद्गार.
३) अर्जदाराच्या आईचा दि. ६ जून १९८१ चा अर्ज. त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.

महोदय,

अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, अशी सूचना आपल्या कार्यालयाच्या कोऱ्या नमुन्याच्या डोक्यावर छापलेली आहे. ती पाळली आहे. खाली जी बाई भेटेल ती अर्जदार आहे आणि ती खाटेवर बसून, मानेत नळी असताना, हे लिहीत आहे. अक्षर वाकडे आले असल्यास नळीला दोष द्यावा. मजकूर वाकडा वाटल्यास तो तसाच आहे.

१. यंदाच्या ९ मार्चला अर्जदाराच्या छातीतले हृदय काढून तिथे दुसऱ्या कुणाचे तरी बसवण्यात आले. काढलेले हृदय आपल्याच कार्यालयाने १४ मार्चला नमुना क्रमांक सातवर सही घेऊन, पांढऱ्या डब्यात घालून, अर्जदाराचा नवरा वेतिनी कोपुआ याच्या हाती दिले. त्याने ते शेजारच्या सीटवर ठेवले, त्याला पट्टा लावला आणि आठ तास गाडी हाकून वाइपुना खाडीला नेले. तिथे टेकडीवर अर्जदाराच्या पाच मुलांच्या, बाळंतपणात पडलेल्या वारा पुरलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी ते हृदय प्रार्थना म्हणून पुरण्यात आले. देहातून जे निघते ते आपल्या मातीत परत जाते, ही आमची रीत आहे, आणि आपल्याकडे त्या रितीचा छापील नमुना आहे. तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती. आपण स्वतः डब्यावर चिकटपट्टी लावलीत, आणि ती सरळ लावलीत, हेही वेतिनीने घरी येऊन कौतुकाने सांगितले होते.

२. जुलैच्या अखेरीस नवे हृदय मंदावले. अर्जदाराच्या रक्तातील लढवय्ये त्या हृदयावर तुटून पडले आहेत, असे तपासणीत निघाले. त्यावर इलाज असा, की मानेतल्या नळीतून रक्त यंत्रात घ्यायचे, त्यातला पिवळा द्रव, ज्यात हे लढवय्ये पोहत असतात, वेगळा करून पिशवीत सोडायचा, आणि लाल भाग देहात परत घालायचा. जो द्रव गेला त्याच्या जागी दात्यांच्या रक्तातून काढलेला द्रव भरतात. याला इथे प्लाझ्मा बदलणे म्हणतात. दर खेपेला तीन तास लागतात, ओठांना मुंग्या येतात, थंडीने दात वाजतात आणि शेवटी तीन लिटरची पिशवी भरते. तिचा रंग कुमारा, म्हणजे आमची रताळी, उकडल्यावर भांड्यात उरलेल्या पाण्यासारखा असतो. अशा पाच खेपा ठरल्या. ५, ७ आणि ९ ऑगस्टच्या झाल्या. १२ आणि १४ च्या उरल्या आहेत. पाचही झाल्या तर हृदय टिकेल, अर्धवट सोडल्या तर सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते ज्या तोंडाने 'सांगता येत नाही' म्हणाले, त्यावरून अर्जदाराला सगळे समजले.

पहिल्या दोन पिशव्यांविषयी अर्जदाराने चकार शब्द काढला नाही, याची आपण पत्रात मुद्दाम नोंद घेतली आहे. नोंद खरी आहे. ज्या गोष्टीसाठी आज ही बाई आपल्याशी भांडते आहे ती त्या दोन पिशव्यांत आहे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. दोन्ही जळून गेल्या. सर्वात जास्त होते ते पहिलीत होते.

३. हे कसे कळले ते सांगणे भाग आहे. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची अर्जदाराला सवय नाही. एवढी एक गोष्ट सोडून बाकी कधी काही लपवलेले नाही, आणि ही त्रेचाळीस वर्षे लपवली होती.

गुरुवारी ८ ऑगस्टला प्रयोगशाळेतल्या डॉ. यिप खाटेपाशी आल्या. वेतिनी बाजूला बसून संत्रे सोलत होता. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुमची बाळंतपणं किती?" अर्जदार म्हणाली, पाच. त्यांनी कागद चाळला आणि परत तेच विचारले. अर्जदार परत पाच म्हणाली. तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघा ताई, हे लढवय्ये नवीन जन्मलेले नाहीत. नवीन असते तर इतक्या लवकर, इतक्या जोरात उठले नसते. हे जुने आहेत, झोपले होते. नव्या हृदयावर एक खूण आहे, ती यांनी आधी कुठंतरी पाहिलेली आहे. पोटात मूल असतं ना, तेव्हा बापाकडून आलेली खूण आईचं रक्त शिकून घेतं. पण ही खूण तुमच्या नवऱ्याच्या रक्तात नाही. तपासलं मी. रक्त चढवलं होतं का कधी?"

रक्त कधी चढवले नव्हते.

अर्जदाराने संत्र्याच्या सालीकडे बघत सांगितले, सहा.

वेतिनी उठला आणि बाहेर गेला. तो परत येईपर्यंत अर्जदाराने पस्तीस वर्षांचा संसार एकदा पुढून आणि एकदा मागून मोजून पाहिला. तासाभराने तो कागदात गुंडाळलेले तळलेले मासे आणि बटाटे घेऊन आला, अर्धे तिच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाला, "नाव काय ठेवलं होतंस?"

नाव रेवी ठेवले होते.

४. रेवी ३ जून १९८१ रोजी बंदरावरच्या प्रसूतिगृहात जन्मला. ते प्रसूतिगृह आता बंद आहे आणि तिथे रंगाचे दुकान आहे. अर्जदार तेव्हा अठरा वर्षांची होती, लग्न झालेले नव्हते, आणि मुलाचा बाप बोटीवरच्या नोकरीत निघून गेला होता. मूल नऊ तास जगले. ते अर्जदाराला दाखवले नाही. 'बघितलंस तर विसरणं जड जाईल,' असे तिथल्या मुख्य परिचारिकेने सांगितले, आणि तसे सांगताना ती घड्याळाला किल्ली देत होती.

अर्जदाराची आई वार न्यायला टोपली घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. हाराकेकेच्या पात्यांची, झाकणाची, तिने तीन दिवस बसून विणलेली टोपली. मूल गेल्याचे कळल्यावर ती म्हणाली, आता दोघांनाही नेते. तेव्हा त्या परिचारिकेने तिला सांगितले, "वारेचं काय करणार बाई तुम्ही? ती कचऱ्यात गेलीसुद्धा. आणि मुलाची व्यवस्था रुग्णालय करतं, तुम्ही काळजी करू नका." आई तीन दिवसांनी अर्ज घेऊन गेली. मग अर्जदाराने १९८८, १९९६ आणि २०११ साली आणखी तीन केले. मूल कुठे पुरले ते कागद पुरात गेले, असे तीनही वेळा कळवण्यात आले. पूर १९८५ साली आला होता. त्याआधी चार वर्षे ते कागद काय करत होते, हे कुणी कळवले नाही.

म्हणून टेकडीवर पाच खड्डे आहेत आणि सहाव्याची जागा रिकामी आहे. मुलांना वाटायचे की आईने ती झाड लावायला ठेवली आहे.

आज आपल्या रुग्णालयात वार परत देण्याचाही नमुना आहे, त्यावर पाखराचे चित्र आहे. १९८१ साली नव्हता. नियम मागाहून येतात, महोदय. कचऱ्याची गाडी आधी येते. आपल्या खात्याची ही वरातीमागून घोड्याची चाल अर्जदाराच्या चांगली ओळखीची आहे, आणि या खेपेला घोड्याची वाट पाहायला ती तयार नाही.

५. शुक्रवारी तिसऱ्या खेपेला यंत्रावर परिचारिका लोसा होती. ती सामोआची आहे, आणि तिला अर्धवट सांगितले तरी पुरले. ती म्हणाली, "मावशी, नियमात नाही हे. पण या खुर्चीतली माझी ढुंगणं तरी कुठं नियमात बसतात?" आणि पिशवी भरल्यावर तिने ती पिवळ्या पिंपात न टाकता, वर स्वच्छ अक्षरात 'फेकू नये, घरचे न्यायला येणार आहेत' अशी चिठ्ठी लावून रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजमध्ये, वेगळ्या कप्प्यात ठेवली. अर्जदाराने यंत्राला टेकून डोळे मिटले. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी वेळेवर झाले होते.

ते दोन तास टिकले. दुपारी पिंपांचे वजन झाले आणि हृदय विभागाचा कचरा तीन किलो कमी भरला. आपण जिना चढून स्वतः आलात. कचरा कमी भरला म्हणून धापा टाकत येणारा अधिकारी अर्जदाराने जन्मात पहिल्यांदा पाहिला.

लोसाला आपण लेखी ताकीद दिली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ती ताकीद मागे घ्यावी. तिचा अपराध एवढाच, की कुणाची तरी वस्तू कुणाची तरी आहे हे तिला विचारल्याशिवाय कळले.

६. त्या वेळी आपण खाटेसमोर उभे राहून जे बोललात ते अर्जदार जसेच्या तसे देत आहे, कारण आपल्या पत्रात ते राहून गेले आहे. आपण म्हणालात, "बाई, हे लघवीसारखंच असतं हो. उद्या लघवी मागाल, परवा घाम मागाल. आम्ही काय देवळातले पुजारी आहोत का?" वेतिनी उठून उभा राहिला. तो उभा राहिला की खोली लहान होते. अर्जदाराने त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवले. आपण ते पाहिलेत आणि दाराकडे सरकलात, म्हणजे तेवढी समज आपल्याला आहे.

लघवीविषयी खुलासा : ती अर्जदार स्वतः, स्वखुशीने टाकते. त्यात तिचे मूल नसते.

७. आता आपल्या पत्रातील मुद्दे.

आपण म्हणता, नमुना क्रमांक सातमध्ये अवयव, हाड, दात आणि वार आहे, द्रव नाही. नमुना आपल्या कार्यालयाने छापला आहे. त्यात एक ओळ हाताने लिहायची झाल्यास अर्जदाराकडे पेन आहे.

आपण म्हणता, हे त्या मुलाचेच आहे याला पुरावा नाही. डॉ. यिप यांनी लिहून दिले आहे की, शंभर टक्के सांगता येत नाही, पण दुसरे कारण त्यांना सापडत नाही. महोदय, अर्जदाराजवळ त्या मुलाचा फोटो नाही, कपडा नाही, कबर नाही, जन्माच्या दाखल्यावर नाव नाही. जे काही होते ते आपल्यासारख्याच एका खात्याने सांभाळले. आता तेच खाते तिच्याकडे पुरावा मागते आहे. डॉ. यिप जाताना म्हणाल्या होत्या, "तुम्हाला तो दाखवला नाही, पण तुमचं रक्त त्याला ओळखत होतं. इतकी वर्षं विसरलं नाही." आपल्या पत्रातल्या दोन पानांपेक्षा या दोन वाक्यांवर अर्जदाराचा जास्त विश्वास आहे.

आपण म्हणता, भिन्न व्यक्तींचे द्रव त्या पिशवीत मिसळलेले आहेत. पहिल्या दोन खेपांत दात्यांचा द्रव भरला, त्यातला काही तिसऱ्या पिशवीत उतरला, हे खरे आहे. म्हणून आपण मागता, (अ) पिशवीतील अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा शेकडा किती ते प्रमाणित करून आणावे, आणि (ब) बाकीच्या सर्व दात्यांची लेखी ना-हरकत आणावी. तो द्रव हजारो माणसांच्या रक्ताचा एकत्र केलेला असतो, हे आपणच त्याच परिच्छेदात लिहिले आहे. म्हणजे मानेत नळी असलेल्या बाईने सोमवारच्या आत देशभर फिरून हजारो अनोळखी माणसांची दारे ठोठवायची आणि म्हणायचे, दादा, तुमचा चमचाभर माझ्या पिशवीत आहे, सही करा. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. आपला उंट फारच उंच आहे.

अर्जदाराचे उत्तर असे : त्या दात्यांनी आपले रक्त न ओळखणाऱ्या माणसाला दिले आहे. अशा लोकांना मातीत जागा द्यायला ना-हरकत लागत नाही. त्यांच्यासाठीही प्रार्थना म्हणू. टेकडी मोठी आहे.

आपण शेवटी म्हणता, 'अर्जदाराच्या भावना आम्ही समजू शकतो.' कृपया समजू नयेत. पिशवी द्यावी.

८. हा मुद्दा सर्वात गंभीर आहे आणि तो वाचताना चहा पीत असाल तर कप खाली ठेवावा.

शुक्रवारी संध्याकाळी वेतिनी आपल्या कार्यालयात पिशवीची चौकशी करायला आला. 'टाकाऊ द्रव नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाही' या नियमाखाली आपण ती तिथून हलवली होती. आपण त्याला म्हणालात, "काळजी करू नका हो, अगदी सुरक्षित आहे, बघा," आणि कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीतला फ्रिज उघडून दाखवलात. मधल्या कप्प्यात अर्जदाराची पिशवी होती. तिच्या एका बाजूला अंड्याचे सँडविच होते आणि दुसऱ्या बाजूला दुधाची बाटली. मग आपण तीच बाटली काढून चहात दूध घातलेत आणि कप वेतिनीपुढे केलात.

आपल्या मनात वाईट नव्हते, असे वेतिनी म्हणतो. अर्जदारालाही तसेच वाटते, आणि म्हणूनच तिचा संताप जास्त आहे. देहाचे आणि खाण्याचे एका ठिकाणी ठेवू नये, उशीवर बसू नये, डोके पुसायच्या फडक्याने ताट पुसू नये, हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोराला कळते. याच्याइतका मोठा अपमान ठरवून करायचा म्हटले तरी कुणाला सुचला नसता. आपल्या इमारतीत नमुन्यांचे सतरा फ्रिज आहेत, लोसाने मोजून सांगितले. आपल्याला सापडला तो सँडविचचा.

वेतिनीने चहा घेतला नाही. तो गाडीत जाऊन बसला आणि रडला. सहा फूट दोन इंचाचा, मेंढ्या कातरून हात राठ झालेला माणूस, जे मूल त्याचे नव्हते आणि ज्याचे नाव त्याला आदल्या दिवशी कळले होते, त्याच्यासाठी.

ती पिशवी हा अर्ज हाती पडताच तिथून हलवावी, आणि फ्रिजमधले अन्न फेकून द्यावे. फेकायचीच हौस असेल तर सँडविचपासून सुरुवात करावी.

९. आता जे लिहायचे आहे ते लिहायला अर्जदाराला सर्वात जास्त वेळ लागला.

वेतिनीने ते सांगितल्यावर अर्जदाराने डॉक्टरांना निरोप धाडला, की पिशवी हातात पडल्याशिवाय सोमवारी सुई लावू देणार नाही. चौथी खेप नाही, पाचवी नाही. हृदयाचे काय व्हायचे ते होवो, त्याची पावती श्री. हॅलिवेल यांच्या नावे फाडावी. हा निरोप आपल्यापर्यंत पोचला आहे, कारण आज सकाळी आपल्या कार्यालयातून एक बाई येऊन 'रुग्णाने उपचार नाकारल्याचा' छापील कागद ठेवून गेल्या. आपल्याकडे त्याचाही नमुना आहे. अर्जदाराने सही केली तर रुग्णही गेला आणि पिशवीही गेली. सुंठीवाचून खोकला जाईल. कागद उशाशी आहे. पेन होतेच.

वेतिनी काल ओरडला होता, "पाच पोरं जिवंत आहेत तुझी! त्यांना काय सांगू, आई एका पिशवीपायी गेली म्हणून?" अर्जदार त्याला म्हणाली, तू गप्प बस. पालथ्या घड्यावर पाणी होते ते. आज सकाळी तो ओरडला नाही. त्याने तो कागद पाहिला, अर्जदाराच्या छातीवर पट्टीच्या बाजूला हात ठेवला आणि हळू म्हणाला, "हेनी, हे हृदय तुझं नाहीये गं. कुणाचंतरी पोर आहे ते."

मे महिन्यात अर्जदाराला एक पत्र आले होते. नाव नाही, गाव नाही, तसा नियमच आहे. हृदय ज्याचे होते त्याच्या आईचे. त्यात तीनच ओळी होत्या. 'तो पहाटे उठायचा. कुणी उठवावं लागायचं नाही. तुम्ही हल्ली लवकर उठता का?' अर्जदाराने त्याचे उत्तर अजून लिहिलेले नाही, कारण काय लिहावे ते कळत नव्हते. ती हल्ली पाच वाजता उठते.

त्या बाईने आपले मूल विश्वासाने एका अनोळखी माणसाच्या हवाली केले आहे. उद्या तिने विचारले, माझ्या मुलाचे काय केलेत, तर अर्जदाराने काय सांगायचे? पुरात गेले? व्यवस्था केली, काळजी करू नका? एका कचरा अधिकाऱ्याशी भांडण होते, त्यात फेकून दिले? हे उत्तर कसे लागते ते अर्जदाराला माहीत आहे. ते बाकावर टोपली घेऊन बसलेल्या तिच्या आईने ऐकले आहे. दुसऱ्या कुठल्याही आईला ते ऐकवण्याची अर्जदाराची हिंमत नाही.

म्हणून अर्जदार तो निरोप मागे घेत आहे. आपला छापील कागद कोरा परत पाठवत आहे. सोमवारी साडेनऊला ती खुर्चीत बसेल, बुधवारीही बसेल, आणि तिच्या रक्तातून रेवीचे जे काही उरले आहे ते शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेऊ देईल. इलाज यशस्वी झाला म्हणजे अहवालात त्या जागी शून्य येईल, असे डॉ. यिप म्हणाल्या. ते शून्य यावे, असे अर्जदार आपल्या हाताने लिहून देत आहे.

महोदय, आपल्याला वाटेल की बाई नरमली. तसा गैरसमज करून घेऊ नये. तिच्या हातात एकच हत्यार होते आणि ते दुसऱ्याच्या मुलाचे होते, म्हणून तिने ते खाली ठेवले आहे. आपल्याविषयी तिचे मत होते तेच आहे. आता तिच्याकडे आपल्याला भाग पाडायला काहीही नाही. पिशवी दिली नाहीत तर आपले कुणी काही वाकडे करणार नाही, हृदय चालत राहील, गाडी मंगळवारी सात वाजता येईल आणि आपल्याला वर कुणी जाब विचारणार नाही. १९८१ सालीही विचारला नव्हता. आपण तिला ती पिशवी द्यावी याला कोणतेही सक्तीचे कारण शिल्लक नाही. एवढेच आहे की, 'मी' लिहायला मनाई असल्यामुळे असे लिहावे लागते : अर्जदार त्याची आई आहे.

१०. सबब मागणी : तिसरी पिशवी, तसेच चौथी आणि पाचवी, अन्नापासून दूर ठेवून अर्जदाराचे पती वेतिनी कोपुआ यांच्या ताब्यात द्याव्यात. ते हा अर्ज आणि सोबतची वस्तू घेऊन सोमवारी सकाळी आठ वाजता आपल्या दारात उभे राहतील. ते काही बोलणार नाहीत, तसे त्यांनी कबूल केले आहे. त्यांना चहा विचारू नये.

आपली,
('नम्र' हा शब्द अर्जदाराने दोनदा लिहून दोनदा खोडला आहे.)

हेनेरिआता कोपुआ
खाट क्र. ११, हृदय विभाग
शनिवार, दि. १० ऑगस्ट २०२४

सोबत :
१) नमुना क्र. ७ ची प्रत, जुन्या हृदयाची, आपल्या सहीसह. खाली एक ओळ हाताने वाढवलेली आहे, तिच्यापुढे सहीची जागा मोकळी सोडली आहे.
२) डॉ. यिप यांची चिठ्ठी.
३) उपचार नाकारल्याचा छापील कागद, कोरा.
४) अर्जदाराच्या आईच्या दि. ६ जून १९८१ च्या अर्जाची प्रत.
५) हाराकेकेच्या पात्यांची टोपली, एक, झाकणासह. वरील अर्जदाराच्या आईने विणलेली. त्रेचाळीस वर्षे रिकामी. आमच्याकडे कुणाचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत.